बांधापलीकडची मूठ

फार फार पूर्वी, जेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही, त्या काळची ही गोष्ट. आता एखादा शहाणा विचारील, बैल कसा बोलेल? अहो, ख्रिस्ती शास्त्रात एक गाढवी बोलली ती तुम्ही निमूट ऐकून घेतलीत. मग इथं बैलानं चार शब्द टाकले तर कुठं बिघडलं? बसा गुमान.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. खाली नदीकाठी काळीभोर जमीन, वर उतारावर मुरूम, आणि त्याच्याही वर नुसता कातळ. त्या गावात बयजाकाकू राहत असे. वय साठीच्या पुढं, दात मोजके, जीभ मात्र पुरेपूर. तिच्यासारखी पेरणारी पंचक्रोशीत नव्हती. तिफणीमागं चाडं धरून ती चालू लागली की मुठीतून बाजरी अशी सुटायची, की दोन दाण्यांत चार बोटं म्हणजे चारच बोटं. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्यात बी सोडायचं, की ते नळ्यांतून थेट जमिनीच्या पोटात जातं. हे पाहुण्यांसाठी सांगितलं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी उगाच हसू नये.

बयजाकाकूचं बीही साधंसुधं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिच्या पदराला मूठभर बाजरी बांधून दिली होती, लांब आणि केसाळ कणसाची. त्या एका मुठीची आता गावभर शेतं झाली होती. दरवर्षी लोक पाट्या घेऊन तिच्या दारात येत. ती देई, पण जमीन पाहून देई आणि माणूसही पाहून देई.

"तुझी जमीन पोटखराब. तुला अर्धा शेर."

"तू तण काढत नाहीस. तुला पुढच्या वर्षी."

आणि वर कातळापाशी राहणाऱ्या भिवाला बारा वर्षांत एक दाणा नाही.

हा भिवा तिचा सख्खा धाकटा दीर. नवरा वारला त्याच वर्षी दोघांचं बांधावरून वाजलं. बांध हातभर इकडं की हातभर तिकडं, एवढाच वाद. त्या हातभर जमिनीत मेथीची जुडीसुद्धा पिकली नसती, पण भांडण मात्र बारा वर्षं पिकत राहिलं. भिवा एकटाच होता. तो कोणाकडं जात नसे, कोणी त्याच्याकडं जात नसे, आणि गावानं त्याचं नाव कातळ ठेवलं होतं.

अशा गावात एक मास्तर आला. दूरच्या मिशनानं त्याला सुवार्ता सांगायला पाठवलं होतं. काटकुळा, तरुण, काखेत पोथी, पायात फोड. बयजाकाकूनं त्याला आपला रिकामा गोठा वर्षभरासाठी दिला. रिकामा म्हणजे अगदी रिकामा नव्हे, एका कोपऱ्यात तिचा म्हातारा बैल होताच. गोठा दिला तो दयेपोटी असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर तिला नवलच वाटलं होतं. नुसती गोष्ट सांगायला कोणी तीन दिवस चालत येतो, तर ती गोष्ट आहे तरी कसली, हे तिला पाहायचं होतं.

पहिल्याच दिवशी तिनं त्याला गाव दाखवलं. "खालच्या आळीला जा, ते ऐकतील. सुताराकडं जा, तो ऐकत नाही पण ताक देतो. त्या वरच्या भिवाकडं मात्र जाऊ नका. कातळावर कशाला तोंडाची वाफ दवडायची?"

मास्तर नवा होता. त्यानं ऐकलं.

वर्ष होत आलं. दर रविवारी गोठ्यात सात-आठ माणसं जमत. त्यातली दोन सावलीला येत आणि एक झोपायला. पेरणी तोंडावर आली तेव्हा मास्तरानं मुद्दाम पेरणाऱ्याची गोष्ट काढली. एक माणूस पेरायला निघाला. त्याचं काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. काही खडकाळीवर पडलं, ते उन्हानं करपलं. काही काट्यांत पडलं, ते गुदमरलं. काही चांगल्या जमिनीत पडलं आणि शंभरपट आलं.

"मास्तर, थांबा," बयजाकाकू म्हणाली. "हा माणूस तिफण घेऊन गेला होता का?"

"नाही काकू. मुठीनं फेकत होता."

"आंधळा होता?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग प्यायला असेल."

"काकू, ही खुद्द येशू ख्रिस्तानं सांगितलेली गोष्ट आहे."

"म्हणूनच म्हणते. तो सुताराच्या घरातला ना? सुतारानं तिफण घडवावी, पेरणीचं आम्हाला विचारावं."

सगळा गोठा हसला. झोपायला येणारा जागा होऊन हसला. मास्तरही हसला, कारण त्याला राग जमत नसे. मग त्यानं नीट समजावलं, की वाट म्हणजे निबर मन, काटे म्हणजे संसाराची हाव, चांगली जमीन म्हणजे ऐकणारा माणूस.

"मातीचं कळलं," काकू म्हणाली. "मातीचं मला शिकवू नका. माझा सवाल त्या माणसाचा आहे. वाट दिसतेय, दगड दिसतायत, काटे दिसतायत. तरी तो तिथं बी का टाकतो?"

मास्तरानं पोथी उघडली, पुढं पाहिलं, मागं पाहिलं आणि मिटली.

"हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

त्या सवालानं काकूला काही सोडलं नाही. भाकरी थापताना तोच, बी पाखडताना तोच. शेवटी तिनं बैलाला विचारलं.

"बैल जुंपला असता तर हे झालंच नसतं," बैल म्हणाला.

"ते मलाही कळतं. पण त्यानं असं केलं का?"

"मला रवंथ करू दे. तुम्ही माणसं एकदा गिळलं की पुन्हा वर काढून चावत नाही, हीच तुमची खोड."

काकूला धीर कुठला. तिनं कोंबड्यांसाठी बाजूला काढलेलं हलकं बी सुपात घेतलं, चांगल्या बियाला हातही लावला नाही, आणि ते सूप मास्तरासमोर ठेवलं.

"वर माझ्या बांधालगत एक पट्टी पडून आहे. तिच्यातून पायवाट जाते, दगड आहेत, बोरीची काटवणंही आहेत. तुमच्या शास्त्रात आहे ते सगळं तिथं आहे. त्या माणसानं पेरलं तसं पेरा. पीक आलं तर हा गोठा कायमचा तुमच्या प्रभूचा. नाही आलं तर सुगीला देवाचे आभार मानायचा तुमचा उपकारस्तुतीचा सण असतो, त्या दिवशी पोथी बांधायची आणि गावातून चालू पडायचं. पण जाण्याआधी तो माणूस असा का वागला, ते मला सांगायचं."

मास्तराला दुसरं छप्पर नव्हतं, मिशनाला दुसरा मास्तर नव्हता. शहाणा असता तर नाही म्हणाला असता. पण सवालाची खाज आता त्यालाही लागली होती. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पट्टीच्या कडेला तमाशा पाहायला बसलं. बैलही चरत होता. आषाढाचा वारा सोसाट्याचा, आणि आमचा मास्तर नेमका वाऱ्याकडं तोंड करून उभा. पहिली मूठ फेकली ती त्याच्याच दाढीत आली. दुसरी डोक्यावरून मागं उडाली. लोक पोट धरून हसत होते. तिसऱ्या मुठीला तो घसरला आणि सूपच उधळलं. बयजाकाकूच्या डोळ्यांतून हसूनहसून पाणी आलं.

पाऊस सुरू झाला. वाटेवरचं बी चिमण्यांनी टिपलं. शास्त्र पहिल्या खेपेला खरं ठरलं. चार दिवसांनी दगडांमधून हिरवी सुई वर आली. काकू रोज डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन पट्टीकडं चक्कर मारी. कोणी हटकलं तर म्हणे, वासरू हरवलंय. वासरू घरी दाव्याला बांधलेलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"आता ऊन पडलं की हे करपणार," मास्तर एकदा चिंतेनं म्हणाला. "तसं लिहिलंय."

ऊन पडलंच नाही. पाऊस पडला. आठ दिवस पडला, पंधरा दिवस पडला, महिना उलटला तरी आभाळ काही मिटेना.

"मास्तर, तुमच्या देवाला सांगा की पुरे म्हणून," काकू म्हणाली.

"काकू, पाऊस काही माझ्या झोळीत नाही. देव तो चांगल्यांवरही पाडतो आणि वाईटांवरही."

"मग सांगा त्याला, चांगल्यांवरचा पुरे झाला."

विनोद केला खरा, पण तिचं तोंड उतरलं होतं. खालच्या काळ्या जमिनीत गुडघाभर पाणी साचलं. बाजरीला पाणी हवं, पण पाण्यात उभं राहणं तिला सोसत नाही. चार बोटांवर पेरलेली, एकही दाणा वाया न गेलेली काकूची बाजरी पिवळी पडली, मग काळी, मग आडवी झाली. सगळ्या गावाची तीच गत. पट्टीतही उरलेलं काट्यांनी दाबलं, आणि दगडांतलं कोणाच्या तरी शेळ्यांनी खाल्लं. आसपासच्या गावांतही हेच होतं.

"घाबरू नका," काकू लोकांना म्हणाली. "माझं पेव भरलेलं आहे. पुढच्या सालचं बी त्यात आहे."

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आतून लिंपलेला, वरून बुजवलेला. उघडीप मिळाली तसं गावानं मिळून ते उघडलं. आतून आंबूस वाफ आली. पाणी मुरलं होतं. काकूनं हात घालून मूठ बाहेर काढली. बियांना पांढरे मोड आले होते आणि मोड कुजले होते.

लोक पाट्या घेऊन माघारी गेले. चाळीस वर्षांपूर्वी पदराला बांधून आणलेली आईची मूठ संपली होती. गावाला पुढच्या साली पेरायला बाजरीचा दाणा उरला नव्हता. काकू गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

उपकारस्तुतीचा सण चार दिवसांवर होता. मास्तर पोथी बांधूनच तिच्यापुढं आला.

"काकू, मी पैज हरलो. निघतो. पण तुमच्या सवालाचं उत्तर मला सापडलं नाही. ते ऋण राहिलं."

"बसा हो. आता गोठा राहिला काय आणि गेला काय."

तेवढ्यात कोपऱ्यातून बैलानं मान वर केली. "पेरणीच्या दिवशी वारा कुणीकडं वाहत होता?"

"कोणाला आठवतंय," काकू म्हणाली.

"तुम्ही सगळे हसत होतात, म्हणून कोणी पाहिलं नाही. मी हसत नव्हतो. मी चरत होतो. सूप उधळलं तेव्हा निम्मं बी बांध ओलांडून गेलं."

काकू उठली. घोंगडं घ्यायचंही तिला सुचलं नाही. ती पट्टी चढून बांधापाशी आली आणि थांबली. मागून मास्तर धापा टाकत येत होता. बारा वर्षांत तिनं हा बांध ओलांडला नव्हता, रोजच्या चकरेतही मान वळवून पलीकडं पाहिलं नव्हतं. तिनं लुगड्याचा काठ उचलला आणि पाय पलीकडं टाकला.

पलीकडं भिवाचा कातळ. पण कातळाला भेगा होत्या. वर्षानुवर्षांची धूळ आणि पालापाचोळा त्यांत साठून वीतभर माती झाली होती. पाऊस आला तसा वाहून गेला, साचला नाही. करपवणारं ऊन यंदा आलंच नव्हतं. आणि त्या भेगाभेगांतून पुरुषभर उंचीची बाजरी उभी होती, लांब आणि केसाळ कणसांची. कोंबड्यांसाठी काढलेलं बी ते.

मधोमध चार मेढी रोवून माळा बांधलेला होता, आणि माळ्यावर हातात गोफण घेऊन भिवा बसला होता.

"कोण आहे?" तो म्हणाला. त्याला चांगलं दिसत होतं कोण आहे ते.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुझी वहिनी."

"मला वहिनी आहे?"

"आहे. जरा उशिरा आली."

भिवा खाली उतरला. काकूच्या जिभेच्या टोकावर होतं, हे बी माझं आहे. तिनं ते गिळलं. "हे राखलंस कशाला?" एवढंच विचारलं.

"एक दिवस वाऱ्यावर आलं. उगवलं तेव्हा ओळखलं, की ही वहिनीची बाजरी." त्यानं गोफण खांद्यावर टाकली. "बारा वर्षांत त्या बांधावरून माझ्याकडं काही आलं नव्हतं. शिवीसुद्धा नाही. मग आलेल्याला राखायला नको?"

काकूनं पदर पसरला. नवऱ्याच्या माघारी तिनं कोणापुढं पदर पसरला नव्हता. "भिवा, सगळं गेलं रे. शेत गेलं, पेव गेलं. गावात दाणा नाही."

भिवानं पदराकडं पाहिलं आणि कातळाकडं पाहिलं. "माझी जमीन पोटखराब, वहिनी. काय देऊ म्हणतेस, अर्धा शेर?"

काकूचा हुंदका आणि हसू एकदमच बाहेर आलं. भिवानं विळा काढला. एकेक कणीस खुडून त्यानं पदरात टाकलं. पदर भरला तेव्हा मास्तरानं आपलं उपरणं पसरलं. स्वतःसाठी भिवानं एक मूठ ठेवली.

मग तो मास्तराकडं वळला. "तुम्हीच ना ते गोष्टवाले? वर्षभर खालून आवाज येतो, शब्द काही कळत नाहीत. इकडं कधी आला नाहीत."

मास्तरानं काकूचं नाव सांगितलं असतं तर सुटला असता. त्यानं सांगितलं नाही. "मला वाटलं, इथं कातळ आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

"आहेच की," भिवा म्हणाला. "पण भेगा आहेत."

भरला पदर सांभाळत तिघं उतरू लागले. बांधापाशी आल्यावर काकू बोलली.

"मास्तर, तुमच्या शास्त्रातला तो माणूस आंधळा नव्हता."

"मग?"

"माझ्यासारखा कंजूष नव्हता, एवढंच. त्याला दगड दिसत होते. पण पाऊस यंदा कुठल्या जमिनीला लागू पडणार, हे त्यानं आपल्या मनानं ठरवलं नाही."

मास्तरानं मागं वळून कातळाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आणि मी वर्षभर पोथी घेऊन नुसता काळी जमीन शोधत फिरलो. माझी चूक वाऱ्यानं सुधारली."

सणाच्या दिवशी लोकांनी आपापल्या घरात उरलंसुरलं होतं ते गोठ्यात देवापुढं आणलं. कोणी भोपळा आणला, कोणी दोन अंडी, सुतारानं ताक. भिवा आला तो केसाळ बाजरीचं एक कणीस घेऊन. स्वतःच्या मुठीतलं. ते त्यानं मेजावर ठेवलं, आणि दुसरी जागा न सापडल्यानं बैलाशेजारी बसला. मास्तरानं त्याच्यासाठी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. एक माणूस पेरायला निघाला. त्याचं काही बी वाटेवर पडलं.

"थांबा मास्तर," भिवा म्हणाला. "हा माणूस तिफण घेऊन गेला होता का?"

सगळा गोठा इतका हसला की बैलानं दावं ओढलं.

"गप बस आणि ऐक," बयजाकाकू म्हणाली.

पीक बांधाच्या कुठल्या बाजूला आलं, हे काकूनं मोजलं नाही; गोठा प्रभूचा झाला, तो झालाच. पुढच्या साली काकूनं बी वाटलं तेव्हा ना जमीन विचारली, ना माणूस. ज्यानं पाटी पुढं केली त्याला दिलं. तण न काढणाऱ्यालाही दिलं, वर दोन शब्द ऐकवले. तेवढा हक्क तिनं सोडला नाही. पेरणी तिनं तिफणीनंच केली, चार बोटांवरच केली. फक्त शेवटची एक मूठ चाड्यात सोडली नाही. डोळे मिटले आणि ती बांधापलीकडं भिरकावली. वारा तोंडावर होता, म्हणून थोडी तिच्याच केसांत आली.

तेव्हापासून त्या गावात पेरणीची शेवटची मूठ बांधापलीकडं टाकायची रीत पडली. कुठं उगवते आणि कुठं नाही, हे कोणी पाहायला जात नाही. वासरू हरवलेली माणसं सोडून.

म्हणून लक्षात ठेवा: पेरणाऱ्यानं मूठ उघडावी, आणि जमीन पारखायचं काम पाऊस पाडणाऱ्यावर सोडावं.